पुढे चाल

"सर, तो आलाच नाही. मग मी जिंकलो कसा?"

हा प्रश्न मला एसटीत विचारला गेला, जिल्हा शालेय स्पर्धेहून परत येताना. विचारणारा नववीतला मुलगा. त्याचं खरं नाव लिहीत नाही, आपण त्याला समाधान म्हणू. मांडीवर प्रमाणपत्राचं पाकीट, शेजारी ग्लोव्ह्जची पिशवी, आणि चेहरा असा की जणू काही हरवून आला आहे.

मी गणिताचा शिक्षक. आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे, त्यामुळे खेळाचा पदभार माझ्याकडे. पदभार म्हणजे काय, तर फॉर्म भरायचे, जन्मतारखेचे दाखले जोडायचे, मुलांना घेऊन जायचं आणि संध्याकाळी सुखरूप परत आणायचं. बॉक्सिंगमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. समाधान तालुक्याच्या गावी एका हौशी कोचकडे जायचा, तिथेच शिकला. पण वजनगट ठरवायची वेळ आली तेव्हा अक्कल मीच चालवली.

झालं असं, की समाधानच्या नेहमीच्या वजनात शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा होता. आदल्या वर्षी विभागापर्यंत गेलेला. त्याचा ठोसा बसला की मुलं रडतात, अशी त्याची ख्याती. मी नोंदणीची यादी पाहिली. एक गट खाली फक्त दोनच नावं. म्हटलं, पोराने थोडं वजन कमी केलं तर जिल्ह्याचं पहिलं प्रमाणपत्र हातात. पुढे दहावीला क्रीडागुणांचा विचार होतो, बापाला आनंद, शाळेचं नाव. काय वाईट आहे?

वाईट काय होतं ते आज लिहितो. तीन दिवस ते पोर नीट जेवलं नाही. भर उन्हात स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होतं. वजनाच्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा प्यालं नाही. आणि मी, जो वर्गात डबा न आणणाऱ्या मुलावर रागावतो, तोच मी त्याला म्हणत होतो, "अजून दोनशे ग्रॅम, बेटा." वजन बसलं. दुसरा मुलगा वजनालाच आला नाही. समाधान रिंगमध्ये चढला, पंचांनी त्याचा हात वर केला, टेबलावरून आवाज आला, "पुढे चाल." एकही ठोसा न मारता माझा विद्यार्थी जिल्ह्यात पहिला आला. मी टाळ्या वाजवल्या. त्याने नाही.

एसटीत त्याच्या प्रश्नाला मी गणिताच्या मास्तराचं उत्तर दिलं. "अरे, नियमच आहे तो. नियमाने जिंकलास." तो गप्प बसला. मग बापाचा मोबाईल काढून मला दाखवला. वॉलपेपरवर फ्लॉइड मेवेदरचा फोटो आणि खाली मोठ्या आकड्यांत ५०-०. "ह्याच्या पन्नास जिंकलेल्यांत पण असे न आलेले असतील का सर?"

मला माहीत नव्हतं. रात्री घरी येऊन वाचायला लागलो, आणि काय सांगू, महिनाभर वाचतच राहिलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की शाळेतलं, ऑलिंपिकमधलं बॉक्सिंग आणि पैशाचं व्यावसायिक बॉक्सिंग ह्यांत मोठा फरक एकच आहे: समोर कोण येणार हे कोण ठरवतो. ऑलिंपिकमध्ये भाग्यपत्रिका निघते. २०२४ साली पॅरिसमध्ये आपली निखत झरीन, दोन वेळची जगज्जेती, मानांकनाशिवाय उतरली आणि दुसऱ्याच लढतीत अव्वल मानांकित चीनची वू यू तिच्या वाट्याला आली. निखत हरली, वू यूने पुढे सुवर्ण जिंकलं. आपण हळहळलो, पण तिथे कुणी कुणाला टाळू शकत नव्हतं. व्यावसायिक खेळात भाग्यपत्रिका नाही. तिथे जोड लावणारा माणूस असतो, प्रवर्तक असतो, टीव्हीवाले असतात. आपल्याकडे जत्रेच्या फडात जाणती मंडळी दोन पोरांना शेजारी उभं करून, अंगपिंड बघून जोड लावतात, तसंच. फरक एवढाच, की फडात सगळं गाव बघत असतं आणि जोड विजोड वाटली तर लोक ओरडतात.

दुसरी गोष्ट, जो आकडा समाधानच्या मोबाईलवर होता तो बनतो कसा. नवा, देखणा, तिकिटं खपवणारा बॉक्सर घ्यायचा. त्याला आधी दहा-पंधरा लढती अशा द्यायच्या, की तो जिंकणारच. ह्यासाठी हरणारी माणसं लागतात. आणि ती असतात! इंग्लंडात बर्मिंगहॅमचा पीटर बकली नावाचा बॉक्सर होता. २००८ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या लढती झाल्या होत्या ३००. जिंकला ३२, बरोबरी १२, हरला २५६. गणिताच्या शिक्षकाला हा आकडा पाहून धक्काच बसला. मला वाटलं, असेल कुणी बिचारा. पण वाचलं तर हा माणूस अडाणी नव्हता. उलट स्वतःला फार मार लागू न देता, नवख्या पोराला चार-सहा राऊंड शिकवत, गुणांवर हरायचं कसब त्याच्याकडे होतं. आज कुणी ऐनवेळी आला नाही तर बकलीला फोन जायचा. अनेक चकाचक रेकॉर्डांच्या तळाशी असा एखादा बकली असतो. त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, हे मुद्दाम लिहितो. तो कुणालाच टाळत नव्हता.

टाळणारे वेगळे. मेवेदरचंच बघा. तो मोठा बॉक्सर आहे ह्यात शंका नाही. ऑस्कर डे ला होया, मिगेल कोटो, तरुण कॅनेलो अल्वारेझ, सगळ्यांना त्याने हरवलं. पण ज्या लढतीची जग वाट बघत होतं ती होती फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी. २००९ च्या अखेरीस बोलणी सुरू झाली, रक्ततपासणीच्या अटींवरून फिसकटली. मग हा म्हणतो तो घाबरला, तो म्हणतो हा घाबरला. असं करत लढत झाली २ मे २०१५ ला, लास वेगासमध्ये. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ चा. गुणांवर मेवेदर जिंकला. पैसा अफाट मिळाला, आणि लोक घरोघर म्हणाले, हीच लढत पाच वर्षांपूर्वी झाली असती तर? ह्या प्रश्नाचं उत्तर आता कुणाकडेच नाही, जिंकणाऱ्याकडेसुद्धा. आणि समाधानच्या वॉलपेपरवरचा तो पन्नासावा विजय? २०१७ साली, कॉनर मॅक्ग्रेगरवर. मॅक्ग्रेगर दुसऱ्या प्रकारच्या लढतींतला मोठा खेळाडू, पण व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत त्याआधी खेळलेला नव्हता.

हे मी समाधानला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखंच की."

रिडिक बोचा किस्सा तर वर्गात सांगावा असा आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने बोला दुसऱ्याच राऊंडला हरवलं होतं. १९९२ च्या नोव्हेंबरात बो हेवीवेटचा जगज्जेता झाला. आता लुईसशी लढणं भाग होतं, नाहीतर चारांपैकी एका संघटनेचा पट्टा सोडावा लागणार. बोने काय करावं? लंडनमध्ये पत्रकारांसमोर तो पट्टा त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला! बोलणं असं, की मला ह्याची किंमत नाही. पण व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. मुलांच्या भाषेत सांगायचं तर, पेपर अवघड निघाला म्हणून पेपरच फाडून टाकला.

इथे मात्र थांबून दुसरी बाजू सांगायला हवी, कारण मला एकेकाळी वाटायचं की अवघड ते टाळणारा म्हणजे भित्राच. तसं नाही. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता आणि त्या सगळ्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर त्याला आव्हान देत होता. करारापर्यंत गोष्ट गेली, लढत झाली नाही. हे एकट्या डेम्प्सीचं भय नव्हतं. १९१० साली जॅक जॉन्सनने जेफ्रीजला हरवल्यावर अमेरिकेत दंगली झाल्या होत्या, त्यामुळे काळा-गोरा सामना आयोजकांना आणि राजकारण्यांना नकोच होता. आणि खुद्द जॉन्सन? अजिंक्यपदाची संधी मिळावी म्हणून तो टॉमी बर्न्सच्या मागे जगभर फिरला, शेवटी १९०८ साली सिडनीत त्याला गाठून हरवलं. पण स्वतः जगज्जेता झाल्यावर सॅम लँगफर्डला, आपल्याच वर्णाच्या तगड्या बॉक्सरला, त्याने ती संधी दिली नाही. ज्याला दार बंद मिळालं होतं त्यानेच आत गेल्यावर कडी लावली.

मला सर्वांत जास्त लागलं ते चार्ली बर्लीचं आयुष्य वाचून. पिट्सबर्गचा हा बॉक्सर १९३०-४० च्या दशकांत खेळला. इतका चांगला, की कुणी त्याच्याशी खेळायलाच तयार नसे. फ्रिट्झी झिविकला त्याने तीनपैकी दोनदा हरवलं. पण १९४० साली जगज्जेतेपदाची लढत मिळाली झिविकला, आणि तो जगज्जेता झालाही. बर्ली बसला वाट बघत. १९४४ साली त्याने आर्ची मूरला हरवलं. मूर पुढे १९५२ मध्ये जगज्जेता झाला आणि म्हातारपणीही सांगत असे, की मला भेटलेल्यांत सगळ्यांत भारी बर्ली. पण बर्लीला स्वतःला जगज्जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. पन्नास नाही, एकही नाही! त्याच्यासारखे आणखी काही कृष्णवर्णीय बॉक्सर होते, होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल वगैरे. त्यांच्याशी कुणी खेळेना म्हणून ते एकमेकांशीच पुन्हा पुन्हा खेळत राहिले. रिंग सोडल्यावर बर्लीने पिट्सबर्ग शहरात कचरा गोळा करायची नोकरी केली. त्याच्या समोरच्या घरात एक लहान मुलगा राहायचा, ऑगस्ट विल्सन. मोठा होऊन तो नाटककार झाला, आणि 'फेन्सेस' नाटकातला कचरागाडीवर काम करणारा जुना खेळाडू लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर बर्ली होता.

टाळणाऱ्याचं जे होतं ते होतं. ज्याला टाळलं जातं त्याचं काय होतं, हा विचार त्याआधी माझ्या डोक्यात आलाच नव्हता. शेजारच्या तालुक्यातल्या त्या मुलाचा मी कधी विचार केला होता का? त्यालाही जिल्ह्यात एक चांगली लढत हवी असेलच ना.

आता कुणी पालक म्हणतील, सर, तुम्ही आमच्या पोराला मार खायला पाठवणार का? रास्त प्रश्न आहे. बॉक्सिंग हा जिवावर बेतू शकणारा खेळ आहे. १९८२ साली लास वेगासच्या लढतीनंतर कोरियाचा किम डुक-कू दगावला, त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती १५ राऊंडवरून १२ वर आणायला सुरुवात झाली. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी वाघासमोर सोडणारा कोच शूर नव्हे, बेजबाबदार. सोपी जोड लावणं ही शिकवण्याची पहिली पायरीच आहे. आपण डीएड-बीएडला वायगॉट्स्की वाचलाय, मुलाच्या आवाक्याच्या एक पायरी वरचं काम द्यावं, तोच हा मुद्दा. एक पायरी वर. खाली नव्हे, आणि दहा पायऱ्या वरही नव्हे. माझी चूक समाधानला जपण्यात नव्हती. मी त्याला जपलंच नव्हतं, उपाशी ठेवलं होतं. मी जपलं होतं प्रमाणपत्र.

त्याची किंमत विभागीय स्पर्धेत कळली. तिथे समोर खरा मुलगा आला. वजन उतरवून अंगात ताकद नाही, वर्षभरात एकही अटीतटीची लढत नाही. पहिल्याच राऊंडला पंचांनी लढत थांबवली. सुदैवाने काही लागलं नाही. येताना पुन्हा तीच एसटी, तीच सीट. ह्या वेळी प्रश्न नव्हता. "सर, त्या पोराशी मी जिल्ह्यातच खेळायला पाहिजे होतं. हरलो असतो. पण ठोसा कसा येतो ते तरी कळलं असतं."

मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला माझ्या कपाटातली एक यादी आठवत होती.

शिक्षक मित्रांना ही यादी ओळखीची असेल. नववीच्या शेवटी 'कच्ची' मुलं निवडायची, पालकांना बोलावून समजावायचं, की ह्याला शाळेतून दहावीला बसवण्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या. मुलाचं नुकसान नाही, असं सांगायचं. आणि मग फलकावर लिहायचं: दहावीचा निकाल १०० टक्के. पूर्वी मी एका दुसऱ्या शाळेत होतो, तिथे अशा याद्या करायचं काम माझ्याकडेच असे, गणिताचा शिक्षक म्हणून. कोण गणितात अडकणार हे मला आधी कळायचं ना! मी चार वर्षं त्या याद्या केल्या. चारही वर्षं निकाल शंभर टक्के. आमचा ५०-०. त्या मुलांपैकी एक जण परवा बाजारात भेटला, भाजीचा टेम्पो चालवतो. "सर, ओळखलं का?" म्हणाला. मी ओळखलं. त्याने फॉर्म भरला होता, परीक्षेला बसलाच नव्हता. माझ्या पाया पडला, हेच जास्त टोचलं.

आणि ही सवय फक्त मुख्याध्यापकांची, संस्थेची असं म्हणून सुटता येत नाही. घटक चाचणीत मी पाठातलेच आकडे बदलून उदाहरणं देतो, सगळ्यांना बरे गुण पडतात, पालकसभा गोड होते. वक्तृत्वाला पाठांतर पक्कं असलेली तीच ती दोन मुलं पाठवतो. अधिकारी तपासणीला आले की जो पाठ हमखास रंगतो तोच घेतो. (खोटं वाटत असेल तर स्वतःला विचारून बघा!) घरीही तेच. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक ह्यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ज्यांना "तू हुशार आहेस" म्हटलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर आपण चांगले दिसू अशीच कामं निवडली. ज्यांना "मेहनत केलीस" म्हटलं ते शिकायला मिळेल अशा कामाकडे गेले. आपण नातेवाइकांसमोर पोराला "आमचा पहिलाच येतो" म्हणतो ना, तेव्हा त्याच्या मोबाईलवर आपणच तो वॉलपेपर लावतो.

ह्या वर्षी आताच्या शाळेतही विषय निघाला. दोन नावं पुढे आली, एक मुलगा, एक मुलगी. दोघंही गणितात कच्चे आहेत, हे मीच सांगू शकतो. मी म्हटलं, दोघं शाळेतूनच बसतील. खोलीत शांतता पसरली. कुणी तरी म्हणालं, "निकाल खाली आला तर?" मी म्हटलं, येईल कदाचित. मी रोज सकाळी पाऊण तास त्यांना घेतो. मुलीचं समीकरणांपर्यंत आलंय. मुलाचं अजून अपूर्णांकात घोडं अडलंय, आणि त्याचं नक्की काय होईल ते मला खरंच सांगता येत नाही. परीक्षा मार्चमध्ये आहे.

समाधानचं म्हणाल, तर त्याने मला न विचारता एक काम केलं. शेजारच्या तालुक्यातल्या त्या मुलाच्या कोचला जाऊन भेटला. आता दर रविवारी सकाळच्या एसटीने तिकडे जातो आणि त्याच मुलाबरोबर सराव करतो. त्याचे वडील आधी माझ्यावरच चिडले, "गुरुजी, तुम्हीच काही तरी डोक्यात भरवलं असणार." मी एवढंच म्हटलं, की डोक्यावर संरक्षक टोप असतो, कोच समोर असतो, एकदा येऊन बघा. ते एका रविवारी गेले. काय बघितलं ते मला सांगितलं नाही, पण एसटीचे पैसे आता तेच देतात. वजनही तो आता आहे तेवढंच ठेवतो, आणि डबा संपवतो.

गेल्या सोमवारी पहिल्या तासाला आला तर ओठ सुजलेला. मी फळ्याकडे जाता जाता विचारलं, "काय रे, काल कसं झालं?"

"दुसऱ्या राऊंडला मी त्याला दोन मारले सर."

"आणि त्याने?"

"अकरा. मी मोजले."